टाकवत नाही

आजी पेंडीच्या पोत्यात हात घालायची तो थेट कोपरापर्यंत. वरची मूठभर पेंड हातात घेऊन बघणाऱ्यांना ती हसायची. "वरनं सगळ्यांचंच चांगलं असतं," म्हणायची. हात आत रुतवून थोडा वेळ तशीच वाकून राहायची, डोळे मिटून. आत ऊब लागली की पोतं बाजूला. मग मूठ नाकाशी. कुबट वास आला की पोतं उन्हात. उन्हात घातलं म्हणजे टाकलं नव्हे. दोन दिवस ऊन दाखवायचं, ढेकळं हातानं फोडायची आणि थोडं थोडं चांगल्या पेंडीत मिसळून आंबोणात, म्हणजे गाईंसाठी भिजवलेल्या खाद्यात, घालायचं. 'टाकणं' हा शब्द आमच्या घरात शिवीच्या जवळपास होता.

भाकरीला बुरा चढला तर चढलेला भाग खरवडून बाकीची माणसं खायची. खरवडण्यापलीकडे गेली तर गाईला. भिजलेली ज्वारी, पोरकिडा लागलेला हरभरा, लग्नातले उरलेले बुंदीचे लाडू, पाववाल्याकडचे शिळे पाव, सगळ्याचा शेवटचा मुक्काम दावण. "गाईच्या पोटात सगळं जिरतं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे कॉलेजात रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पचनाचा धडा आला तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही. त्या धड्यात तर आजीच्या म्हणण्याला दुजोराच होता. गाईच्या पहिल्या पोटातले जिवाणू बुरशीची काही विषं खरंच मोडतात. कोंबडीला किंवा डुकराला मारणारी मात्रा गाय पचवून जाते. फक्त 'सगळं' जिरत नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि एका दूध प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत लागले. गाव येवला तालुक्यात. तिथे धाकटा भाऊ सहा एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या, गाई सांभाळतो, म्हणजे सांभाळायचा, आता आठ आहेत. मी नाशिकहून महिन्यातून एकदा जायचे.

२०१९ चा ऑक्टोबर आमच्याकडे कुणी विसरणार नाही. मका उभा वाळून खुडणीला आला होता आणि परतीचा पाऊस परतायचं नाव घेईना. अरबी समुद्रात आधी 'क्यार' नावाचं वादळ, त्याच्या मागोमाग दुसरं, त्याचं नाव 'महा'. इकडे महाराष्ट्रात निवडणुकीचा निकाल लागलेला आणि सरकार बनेना, त्यामुळे टीव्हीवर कोण मुख्यमंत्री होणार याचीच चर्चा, आणि शेतात कणसाला हिरवे कोंब फुटलेले. उभ्या ताटावर, सालपटाच्या आत. काही कणसं सोलली तर दाण्यांवर गुलाबी-पांढरी लव. काहींच्या टोकाला, अळीनं खाल्लेल्या जागी, हिरवट-पिवळी पूड. बोटाला लावली तर उडते अशी.

पुस्तकात ह्या दोन रंगांना दोन नावं होती. गुलाबी ती बहुतेक फ्युजॅरियम, शेतातच ओलीत वाढणारी. हिरवट-पिवळी ती अॅस्परजिलस फ्लेव्हस. ही खरं तर उन्हाची, दुष्काळाची बुरशी. शेतात ती पिकाला ताण पडला की बळावते, आणि साठवणीत दाणा नीट न वाळवता ठेवला की. तिचं विष ते अफलाटॉक्सिन. त्या वर्षी आमच्या शेतात दोघी एकाच कणसावर नांदत होत्या. मी बांधावर उभी राहून फोटो काढले आणि भावाला म्हणाले, हा मका गाईला नको. तो म्हणाला, "ताई, मग काय नेऊ? व्यापारी काळा मका म्हणून निम्म्या भावात मागतोय."

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बस पकडली.

डिसेंबरात वहिनीचा फोन. वहिनी म्हणजे भावाचीच बायको, वयानं लहान, पण आमच्याकडे म्हणायचं वहिनीच. गाई आंबोण अर्धवट सोडतात, दूध प्रत्येकी दोन-अडीच लिटरनं उतरलंय, शेण पातळ, एक गाय तिसऱ्यांदा उलटली, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिली नाही. सहा महिन्यांच्या कालवडीचं निरण, म्हणजे योनीचा बाहेरचा भाग, सुजलेलं, बघणाऱ्याला वाटावं माजावर आलीय. एकीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली, ती इंजेक्शनं देऊनही हटेना. म्हणजे गोठ्यात जे जे होऊ शकतं ते थोडं थोडं सगळं, आणि एकही गाय आजारी म्हणावी इतकी आजारी नाही.

बुरशीच्या विषाची हीच तर गंमत, गंमत म्हणायचं जिवावर येतं. त्याला स्वतःचं असं एकही लक्षण नाही. भूक कमी, दूध कमी, रोगप्रतिकार कमी. प्रत्येकाला दुसरं एखादं सोपं कारण सापडतं: हवा बदलली, जंत झाले, रेतन चुकलं. निरणाच्या सुजेवरून मात्र डॉक्टरांना संशय आला. फ्युजॅरियमचं एक विष, झिअरालेनोन, गाईच्या शरीरात स्त्रीसंप्रेरकासारखं वागतं, म्हणून गाभण राहण्याचं सगळं वेळापत्रक विस्कटतं आणि लहान कालवडीलाही सूज येते. गावातले पशुवैद्यक जुने. त्यांनी गाईला हात लावायच्या आधी आंबोणाचं पिंप पालथं केलं.

ते पिंप मी नंतर पाहिलं. निळं, प्लास्टिकचं, गळ्याशी कापलेलं, दोनशे लिटरचं. रोज संध्याकाळी त्यात सरकी पेंड, मक्याचा भरडा आणि गव्हाचा भुसा भिजायचा, सकाळी बादलीनं उपसून गाईंपुढे. तळापासून वर हातभर अंतरावर आतून एक पट्टा होता, जुन्या आंबोणाचा वाळून चिकटलेला थर, बोटभर जाड. वरून करडा. डॉक्टरांनी खुरप्यानं एक कपचा उचकटला तर खालून हिरवी मखमल. ह्या पिंपात रोज नवीन आंबोण भिजत होतं आणि रोज त्या मखमलीवरून धुतलं जात होतं. वहिनी रडायलाच आली. ती पिंप रोज धुवायची, पण बाहेरून आणि वरून. आत वाकून हातभर खाली कोण घासतं?

मक्याची पोती पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून, जमिनीवर. वर ताडपत्री. दिवसा पत्रा तापतो, पहाटे थंडीनं आतून घाम धरतो आणि तो घाम थेंबाथेंबानं ताडपत्रीवर, तिथून पोत्यांच्या काठावर. पावसाळा संपून महिना झाला होता आणि आमच्या शेडमध्ये रोज पहाटे पाऊस पडत होता.

मी आजीसारखा हात घातला. तिसऱ्या पोत्यात कोपराशी ऊब लागली.

पुढचं मात्र आजीच्या हाताला जमण्यासारखं नव्हतं. वास येतो तो बुरशीचा. विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही. बुरशी मेली, झटकून गेली, तरी विष दाण्यात राहतं. उन्हात घालून कुबट वास गेला की आजीला वाटायचं पोतं सुधारलं. सुधारायचा तो फक्त वास. उलट बुरशी दिसली म्हणून विष असेलच असंही नाही. काळ्या उजेडाच्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील, भरडलेला मका धरला तर कधी कधी हिरवट-पिवळे ठिपके चमकतात. पण ते चमकणं विषाचं नसतं, बुरशी तयार करते त्या दुसऱ्याच एका आम्लाशी त्याचा संबंध. तो इशारा झाला, निकाल नव्हे.

मी पहिल्यांदा एक मूठ मका पिशवीत घालून तपासायला नेला. निकाल आला: ठीक. भाऊ खूश. मला ते ठीक वाटेना, कारण चूक माझीच होती. हे विष पोत्यात मीठ कालवल्यासारखं सारखं पसरलेलं नसतं. हजारभर दाणे स्वच्छ आणि एखादा दाणा विषानं ओथंबलेला, असं असतं. तो दाणा मुठीत आला तर आला. म्हणून पुढच्या खेपेला पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी पन्हळ आणली. प्रत्येक पोत्यात वर, मध्ये, तळाशी, भिंतीकडच्या बाजूला जास्त. सगळं एकत्र, पाच-सहा किलो झालं. ते सगळं भरडून, ढीग करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. आई ओट्यावर बसून बघत होती. "रांगोळी घालतीस का मका तपासतीस?" म्हणाली.

ह्या वेळचा आकडा ४२. म्हणजे एका किलोत ४२ मायक्रोग्रॅम, बोलायच्या भाषेत ४२ पीपीबी, अब्जात ४२ भाग. पशुखाद्याच्या भारतीय मानकात अफलाटॉक्सिन बी-वनची, म्हणजे ह्या विषाच्या मुख्य प्रकाराची, मर्यादा २० आहे. युरोपात दुभत्या गाईच्या खाद्याला ५. एक पीपीबी म्हणजे बत्तीस वर्षांतला एक सेकंद, असं मी भावाला समजावलं. तो म्हणाला, "बेचाळीस सेकंदांनी काय होतंय मग?"

हिशेब कागदावर मांडला. गाय दिवसाला सहा किलो भरडा खाते, म्हणजे अडीचशे मायक्रोग्रॅम विष. तिचं यकृत त्याचं रूप बदलतं आणि त्यातला एक ते दोन टक्के भाग दुधात उतरतो. भरपूर दुधाच्या गाईत हा वाटा सहा टक्क्यांपर्यंत जातो. आमच्या गाई मधल्या, म्हणून अडीच टक्के धरले. म्हणजे सहा-सव्वासहा मायक्रोग्रॅम, बारा लिटर दुधात. लिटरला अर्ध्याच्या किंचित वर. आपल्याकडे दुधाची कायदेशीर मर्यादा नेमकी तेवढीच: ०.५. युरोपात ०.०५, दहापट कडक.

ह्या मर्यादांचंही एक आहेच. २०१२ च्या दुष्काळात सर्बियात मक्यावर हीच बुरशी आली, पुढच्या वर्षी दुधात विष सापडलं आणि दुकानांतल्या दुधाचा बोभाटा झाला. सरकारनं काय केलं? मर्यादा ०.०५ वरून ०.५ वर नेली. दूध तेच, रातोरात कायद्यात बसलं. मी त्यांना हसणार होते, मग आठवलं की आपली मर्यादा आधीपासूनच तिथे आहे.

दुधात उतरणाऱ्या ह्या रूपाला अफलाटॉक्सिन एम-वन म्हणतात, एम म्हणजे मिल्क. ते सापडलं ती हकिकत आम्हाला कॉलेजात सांगितली होती. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या पटापट मेल्या. रोग कळेना, म्हणून नावच 'टर्की एक्स'. शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत गेला. मग कुणाला तरी वाटलं, हीच पेंड गाई खातात, त्यांच्या दुधाचं काय? १९६३ मध्ये अशा गाईंच्या दुधाचा अर्क बदकाच्या एका दिवसाच्या पिल्लांना पाजला. गाई धडधाकट उभ्या होत्या आणि पिल्लांची यकृतं बिघडली. मला ती पिल्लं कायम आठवतात. दूध तपासायच्या आमच्या पट्ट्या, आमची यंत्रं सगळी नंतरची. पहिली पट्टी म्हणजे ते बदकाचं पिल्लू.

आणि आपल्याकडचं १९७४. राजस्थानातलं बांसवाडा, गुजरातेतलं पंचमहाल. अवकाळी पाऊस, ओला मका, तोच घरात साठवलेला, आदिवासी कुटुंबांचं रोजचं अन्न. कावीळ, पोटात पाणी, शंभराच्या वर माणसं गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी जाऊन तपास केला. त्यात एक नोंद आहे: घरातल्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता. त्या घरांत माणसाचं आणि कुत्र्याचं अन्न वेगळं नव्हतं.

तर, पट्टी. आमच्या प्रयोगशाळेत टँकर आला की दूध पट्टीवर तपासायची सोय होती. मी घरून कच्चं दूध छोट्या बाटलीत, बर्फात घालून नेलं, न सांगता. थोडं दूध खळग्यात घालायचं, चाळीस अंशांवर काही मिनिटं ठेवायचं, पट्टी बुडवायची. पुढे कोविडमध्ये सगळ्या देशाला अशी पट्टी वाचायला आली, पण ही त्याच्या उलट चालते. इथे रेघ उठली तर सुटलात. विष जितकं जास्त तितकी रेघ फिकी. वरची, खात्रीची रेघ ठसठशीत लाल उठली. खालची उठलीच नाही. पट्टी उजेडाकडे धरून तिरकी करून पाहिली, जणू रेघ कोपऱ्यात दडून बसली असावी.

गंमत म्हणजे त्याच ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं देशभरचं दूध सर्वेक्षण जाहीर झालं होतं, ६,४३२ नमुन्यांचं. सगळ्यांना भेसळ सापडेल असं वाटत होतं. भेसळीपेक्षा मोठी बातमी निघाली ती ही: ५.७ टक्के नमुन्यांत एम-वन मर्यादेच्या वर. आम्ही प्रयोगशाळेत चहा पिता पिता त्यावर बोललो होतो. शेतकऱ्यांना कळत नाही, खाद्य नीट साठवत नाहीत, वगैरे. मीही बोलले होते.

उकळून हे जात नाही. पाश्चरायझेशननंही नाही. दुधातल्या प्रथिनांना चिकटून बसतं, म्हणून चक्का, पनीर ह्यात दुधापेक्षा जास्त. खवा म्हणजे तर पाणी उडालं आणि बाकी सगळं कढईत राहिलं. तूप त्यातल्या त्यात सुटतं.

रात्री भावाला फोन केला. मका आजपासून बंद. गाईच्या पोटातून विष निघून जायला फार दिवस लागत नाहीत, चांगलं खाद्य सुरू केलं की तीन-चार दिवसांत दूध साफ होतं. हे ऐकून त्याला हायसं वाटलं. मग त्यानं विचारलं, "आणि तवर दुधाचं काय करू?"

सहा गाई, दोन वेळा, चार दिवस. अडीचशे लिटरच्या वर. गावातल्या दूध संकलन केंद्रावर फॅट बघतात, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग बघतात, ह्या विषाची पट्टी तिथे नव्हती. आणि केंद्राच्या टाकीत आमचं दूध शंभर जणांच्या दुधात मिसळलं की मर्यादेच्या खाली जाणार हेही मला माहीत होतं, कारण टँकरच्या पट्टीवर रेघ रोज उठलेली मीच पाहत होते. मी फोनवर काही बोलले नाही. तोही थोडा वेळ थांबला आणि "बरं" म्हणून फोन ठेवला.

दूध गेलं. चिमीसाठी, भावाची मुलगी, तेव्हा दोन वर्षांची, वहिनीनं चार दिवस दुकानातून पिशवीचं दूध आणलं. गोठ्यात सहा गाई आणि पोरीला पिशवीचं दूध, म्हणून शेजारणीनं थट्टाही केली. आमचं दूध गाडीनं गेलं ते कुणाच्या पिशवीत गेलं असेल, हा हिशेब मी तेव्हा मांडला नाही. ह्या लेखात पहिल्यांदा मांडतेय.

पाचव्या दिवशी पट्टीवर रेघ उठली.

मक्याचं काय केलं ते सांगायला हवं. चाळला. विष तुटक्या, किडक्या, हलक्या दाण्यांत आणि पिठूळ चुऱ्यात जास्त असतं, म्हणून चाळून, वाऱ्यावर देऊन निम्माअधिक त्रास कमी होतो. जड, धड दाणा पुन्हा कडक वाळवला, दाताखाली कट्ट वाजेपर्यंत. बाजारात चौदा टक्के ओल चालते, साठवायला मी बारा-तेरा म्हटलं. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, पत्र्याखाली जुन्या साड्यांचं छत. आधी आलेलं आधी संपवायचं. पिंप कापून टाकलं, आता पसरट घमेली आहेत, रात्रीचं उरलं तर दिसतं.

औषधाच्या दुकानातून भावानं टॉक्सिन बाइंडर आणलं. हे बहुतेक वेळा बेंटोनाइटसारखी बारीक माती असते. तिच्या थरांत अफलाटॉक्सिन अडकतं आणि शेणावाटे जातं. अफलाटॉक्सिनवर चांगलं चालतं, झिअरालेनोनवर जवळजवळ नाहीच, आणि विकणारा हा फरक सांगत नाही. आजी तेव्हा होती. तिनं चिमटीत घेऊन चोळून पाहिलं. "मातीच चारायची तर पैशे कशाला मोजले?" म्हणाली.

चाळणीखाली सात पोती निघाली. व्यापारी त्यालाही गिऱ्हाईक होता. "कोंबड्यांच्या खाद्यात जिरतं," म्हणाला. दादा, म्हणजे आमचे वडील, द्यायला तयार होते. त्यांचं चुकीचं होतं असं मला म्हणता येत नाही. पंचनाम्याची मदत जाहीर झाली होती हेक्टरी आठ हजार, खतालाच पुरेल इतकी. तिसऱ्या दिवशी भावानं ट्रॅक्टर जोडला, सातही पोती बांधाच्या कडेला नेली, खड्डा केला आणि पुरली. माझ्यामुळे नाही, कालवडीमुळे. तिची सूज उतरलेली त्यानं त्या सकाळी पाहिली होती. दादा दोन दिवस जेवताना त्याच्याशी बोलले नाहीत.

आता मुरघास आहे. मका दाण्यात दूध निम्मं असताना कापायचा, बारीक कुट्टी, पिशवीत तुडवून तुडवून हवा काढायची, दीड महिना बंद. चांगला मुरघास लोणच्यासारखा वास देतो. उघडल्यावर रोज वीतभर तरी आत जायचं, नाहीतर तोंडाशी हवा लागून बुरशी धरते. आणि उंदीर. उंदरानं पिशवीला बोटाएवढं भोक पाडलं की त्याच्याभोवती निळसर-पांढरं ढेकूळ तयार होतं, डोक्याएवढं, आत गरम.

गेल्या महिन्यात भावाचा फोटो आला. पिशवीच्या पोटाला भोक, भोवती निळा गड्डा. खाली लिहिलेलं: "किती टाकू?"

भोकाच्या चारी बाजूंनी हातभर, असं मी कळवलं. थोड्या वेळानं दुसरा फोटो. पिशवी जवळजवळ अर्धी कापलेली, उकिरड्यावर ढीग. "दोन हात टाकलं," त्यानं लिहिलं होतं.

फोटोच्या कडेला दादा होते. उकिरड्याशी उभे, हातातल्या काठीनं ढिगाचा चांगला दिसणारा भाग उकरून बघत.